ज्येष्ठमध पाच महिने घेतलं : गुण आला, पण बीपीही चढलं

जेवल्यावर तासाभरात छातीच्या मधोमध जळजळ, आडवं झालं की घशाशी आंबट. वय 54, म्हणून आधी ईसीजी काढला. हृदय ठीक, निदान आम्लपित्त. (छातीवर दाब येतो, कळ हातात जाते, दरदरून घाम फुटतो, अशांनी हे वाचत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.)

आम्लपित्ताची रोजची गोळी सोडायची हौस मला. काष्ठौषधींच्या दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या आणि पूड आणली. काडी बाहेरून सुरकुतलेली, तपकिरी. मोडली की आत पिवळीधमक, दोऱ्यासारखी सुटणारी. सकाळ-रात्र अर्धा चमचा पूड कोमट पाण्यातून. तिसऱ्या आठवड्यापासून रात्रीची जळजळ खरंच गेली. दोन उशांवरून एकीवर आले.

इथेच गाडी घसरली. बरं वाटतंय म्हटल्यावर अर्धा चमचा कधी शिगोशीग झाला कळलं नाही. शिवाय ऑफिसात दिवसभर तोंडात काडी. चौथ्या महिन्यात संध्याकाळी चपला घट्ट व्हायला लागल्या, मोज्याचा वळ तासभर जाईना. जिना चढताना पोटऱ्या भरून यायच्या. पाचव्या महिन्यात बीपी 158/96, जे आयुष्यभर 120च्या आसपास होतं. रक्तातलं पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध चालू आहे का? मी म्हटलं, छे, काहीच नाही. काडी तेव्हा पर्समध्ये होती!

ती त्यांना दाखवली तेव्हा उलगडा झाला. ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातल्या एका विकराचं (एन्झाइमचं) काम अडवतं. मग शरीरातलं कॉर्टिसॉल तिथे मीठ धरून ठेवायला लागतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. 1940च्या दशकात हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी जठरव्रणावर याचा अर्क दिला होता. तेव्हाही रुग्णांना आराम पडला आणि काहींच्या अंगावर सूज आली. ग्लिसिरायझिन काढून टाकलेलं ज्येष्ठमधही मिळतं, ते मी वापरलेलं नाही.

बंद केल्यावर सूज आठवड्यात उतरली, बीपीला महिना लागला. जळजळ थोडी परतली. आता जेवण आठच्या आत, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, आणि सणासुदीला तीच जुनी गोळी. बीपीची किंवा लघवीची गोळी घेणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये असं माझं मत.

उरलेल्या काड्या बरणीत आहेत. घसा बसला की एखादी चघळते, दोन दिवस, मग झाकण.