आधी गाय मोजतो, मग कांडी काढतो

आंजर्ल्याच्या खाडीपासून वर चढत गेलं की डोंगराच्या कुशीला आमची वाडी. तिथे २०२३ पासून एक तरुण मुलगा मोटारसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून गायी भरायला येतो. माझ्या गोठ्यात त्याने आजवर सात वेळा कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या रेताची बारीक नळी, भरली. चार वेळा गाय राहिली, तीन वेळा उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. हे आकडे ऐकून कुणी नाक मुरडेल. पण मी त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे ते गाभण राहण्याच्या हिशेबासाठी नाही. गाय सुखरूप विते की नाही, याचा विचार करून वळू निवडणारा माणूस मला त्याच्या रूपात पहिल्यांदा भेटला.

आधीचा अनुभव सांगायलाच हवा. २०२१ च्या श्रावणात माझी शेवंती विताना अडली. पहिलारू होती, आमच्याच गोठ्यात जन्मलेली, अंगाने लहान. तिला भरायला तेव्हा दुसरा एक जण आला होता. कांडी त्याने शर्टाच्या खिशातून काढली, तळहातावर चोळली आणि म्हणाला, "काकी, दुधाची खाण जन्मेल." कुठल्या वळूची कांडी ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. होस्टनची, म्हणजे होल्स्टीन या थोराड विलायती जातीची होती हे नंतर कळलं. पुढचे दोन पाय आले, नाक आलं, जीभ बाहेर लोंबली आणि कपाळाशी सगळं थांबलं. डॉक्टर पावसातून येईपर्यंत अडीच तास गेले. पाडा मेलेला निघाला. शेवंती चार दिवस उठली नाही. दर थोड्या वेळाने दोघांनी मिळून तिची कूस बदलायची, खाली सुका पेंढा सारायचा, असं चाललं होतं. ती जगली, पण पुन्हा कधी गाभण राहिली नाही.

म्हणून हा मुलगा माझ्या गोठ्यात पहिल्यांदा आला आणि त्याने डब्याऐवजी पिशवीतून शिंप्याची टेप काढली, तेव्हा मी जवळ जाऊन उभी राहिले. आमच्या तांबूचा पुढच्या पायांमागून छातीचा घेर ५४ इंच भरला, खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी ४६ इंच. घेराला घेराने गुणायचं, त्याला लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. वजन आलं साधारण २०३ किलो. "काकी, ही एवढीशी गाय. दुसरं वेत आहे म्हणून जर्सी चालेल. होस्टन मी भरणार नाही, तुम्ही सांगितलंत तरी."

मग कांडी कापण्याआधी त्याने ती माझ्यासमोर धरली. त्यावर बारीक अक्षरात वळूचा नंबर, जात आणि कुठल्या केंद्रात ती भरली ते छापलेलं असतं. इतकी वर्षं गुरं पाळून मी ते कधी वाचलं नव्हतं. थर्मासमधलं पाणी थर्मामीटरने मोजून ३७ अंशांवर, बरोबर तीस सेकंद. उणे १९६ अंशांतून निघालेली ती कांडी खिशात आणि तळहातावर ठेवून काय होत असेल, हे तेव्हा लक्षात आलं.

तो दिवस होता १२ फेब्रुवारी २०२४. त्याने २८० दिवस मोजून १८ नोव्हेंबर लिहून दिली. तांबू २० तारखेला व्याली, एकटी, पहाटे. काजूच्या काट्यावर कालवड १९ किलो भरली.

माझा विश्वास बसला तो मात्र चांदणीच्या वेळी. चांदणी आमची कपिला. कोकणातली ही ठेंगणी, चिवट गाय आता करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे 'कोकण कपिला' म्हणून नोंदलेली आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठानेही तिच्यावर काम केलं आहे. तिला पहिला माज आला तेव्हा मी याला फोन लावला. हा आला, टेप लावली, मागचा भाग हाताने चाचपला आणि डबा उघडलाच नाही. "हिच्या पहिल्या वेताला माझी कांडी नको. खालच्या वाडीतला कपिला वळू दाखवा. पहिलारूचं हाड अजून पुरतं रुंदावलेलं नसतं." मी पेट्रोलचे शंभर रुपये पुढे केले, तेही घेतले नाहीत. चांदणी रात्री कधी व्याली आम्हाला कळलंही नाही. सकाळी गेले तर चौदा किलोचा पाडा उभा राहून कासेला लागला होता. आज तो शेजारच्या बैलाबरोबर जोडीला शिकतोय. आमच्या चिंचोळ्या चोंढ्यांत, म्हणजे सखल भातखाचरांत, वळायला असाच लहान बैल लागतो.

माझा पुतण्या बोटीवर आहे. फ्रान्सला बोट लागली असताना तिथल्या वळूंची एक छापील यादी त्याने माझ्यासाठी आणली. लिमुझँ जातीची. रंग आमच्या तांबूसारखाच सोनेरी तांबडा, पण वळू हजार किलोच्या वर. लिमोज शहराच्या आसपासचा तो मुलूख, १८८६ पासून या जातीची वंशनोंद ठेवतात. तिकडे ती मांसासाठी पाळतात, तो आपल्याकडचा विषय नाही. मी वाचत बसले ते दुसरंच. प्रत्येक वळूपुढे वासरू सहज जन्मण्याचा आकडा असतो. सरासरी १००, त्याहून जास्त म्हणजे जास्त सोपं. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा, त्याच्या मुली पुढे किती सहज वितील याचा. हे दोन आकडे वेगळे का, ते याच मुलाने समजावलं. लहान वासरं देणारा वळू घेत राहिलात तर त्याच्या कालवडीही लहान हाडाच्या निघू शकतात, आणि अडचण एक पिढी पुढे सरकते.

लिमुझँ सहज विण्यासाठी नावाजलेली आहे. पण ते सहज विणं सहाशे-साडेसहाशे किलोच्या गायीचं. तिथला सोपा वळू माझ्या चांदणीला जीवघेणाच ठरेल. माझ्या हाती आजवर आलेल्या आपल्याकडच्या कागदांवर वळूच्या आईचं दूध लिहिलेलं असतं, फॅट लिहिलेलं असतं, विण्याचा आकडा नसतो. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला उभ्या केलेल्या बाएफसारख्या संस्थांनी रेतन गोठ्याच्या दारापर्यंत आणलं, त्याने कितीतरी घरं सावरली. तो आकडाही आता कांडीबरोबर यायला हवा. ही माझी कळकळीची मागणी आहे.

तोवर या मुलाने स्वतःची वही केली आहे. वळूचा नंबर, गायीचं वजन, तारीख, आणि व्याल्यावर एक शब्द : 'आपोआप', 'हात लावला', 'डॉक्टर'. प्रत्येक घरी फोन करून विचारतो. वहीत एका जर्सी वळूपुढे ओळीने अकरा वेळा 'आपोआप' आहे, दुसऱ्यापुढे पाचांत दोनदा 'डॉक्टर'. दुसऱ्याची कांडी तो आता लहान गायींना भरत नाही. वासराचं डोकं मागे वळलं किंवा पाय दुमडला तर तिथे वळूचा काही दोष नसतो, हेही तो वेगळं लिहितो.

तक्रारीही आहेत. भर पावसात आमचा चढ चढायला त्याला उशीर होतो. संध्याकाळी माजाची सोट, म्हणजे चिकट स्राव, दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरायला हवं. गेल्या जुलैत तो दुपारी तीनला पोचला आणि गाय उलटली. गणपतीत नायट्रोजन संपला म्हणून चार दिवस फोनच बंद. फोन उचलून तेवढं सांगितलं असतं तर मी दुसरीकडे धावले असते. पावती मागितल्याशिवाय देत नाही. कांडीचे तीनशे घेतो, उलटली तर दुसऱ्या खेपेचे निम्मे. मला हे पैसे जड वाटत नाहीत.

तांबूची ती कालवड गेल्या आठवड्यात माजावर आली. दिसायला मोठी दिसते, म्हणून मीच उतावळी झाले होते. फोन केल्यावर म्हणाला, "काकी, आधी टेप लावा आणि मला सांगा." घेर ४८, लांबी ४०. म्हणजे १४० किलो. "पावणेदोनशेच्या आत नाही भरायची. हा माज जाऊ द्या. पुढचे दोन-तीनही जाऊ द्या." पेंड थोडी वाढवली आहे, टेप गोठ्याच्या खुंटीला अडकवली आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला मोजते.