एचएमटी जनता : नववीतल्या मुलीसाठी घेतलेले चावीचे घड्याळ

मुलीला माझ्यासारखी यांत्रिक घड्याळांची गोडी लागली, तेव्हा तिच्या पहिल्या घड्याळासाठी सेको फाइव्ह आणि जुने एचएमटी जनता असे दोन पर्याय आमच्यापुढे होते. सेको मनगटाच्या हालचालीवर आपोआप चालते, त्याकडे रोज लक्ष द्यावे लागत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी मी जनताच्या बाजूने कौल दिला. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागते. विसरले, तर ते दुसऱ्या दिवशी केव्हातरी मुकाट्याने बंद पडते.

एचएमटी या सरकारी कंपनीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. त्यामुळे जुने घड्याळ घेताना विक्रेता पारखून घेणे भाग आहे. आम्ही ऑनलाइन मागवलेल्या पहिल्या घड्याळाची तबकडी नव्याने रंगवलेली निघाली. भिंगाखाली धरताच ‘जनता’ ही अक्षरे कडांना पसरलेली दिसली आणि विक्रेत्याने परतावा देण्यास महिनाभर टाळाटाळ केली. दुसरे घड्याळ मात्र ओळखीच्या कारागिराकडून, मागचे झाकण उघडून पाहून, अठराशे रुपयांना घेतले.

आत 17 ज्युएल्सचे, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या 17 बारीक खड्यांचे, यंत्र आहे आणि ते तासाला 18,000, म्हणजे सेकंदाला 5 ठोके देते. हे वाचून सोडून देण्याऐवजी मुलीने मोबाइलवर सेकंदाला 240 चित्रे टिपणारे स्लो मोशन चित्रीकरण केले आणि सेकंदकाटा दर 48 चित्रांनंतर एक पाऊल पुढे सरकतो, हे स्वतः मोजून काढले. तेव्हापासून तिच्या वहीत रोजची नोंद असते : रात्री तबकडी वर करून ठेवले, तर घड्याळ सकाळपर्यंत 11 सेकंद पुढे जाते आणि चावी खाली करून उभे ठेवले, तर 4 सेकंद मागे पडते. गुरुत्वाकर्षणाचा बॅलन्स व्हीलवर, म्हणजे मागेपुढे झुलत घड्याळाची गती ठरवणाऱ्या चाकावर, होणारा परिणाम मी तिला दोनदा समजावला होता, पण पटला तो या वहीमुळे.

एकदा तिने ते रात्रभर ब्लूटूथ स्पीकरवर ठेवले आणि त्यानंतर ते दिवसाला कित्येक मिनिटे पुढे पळू लागले. स्पीकरमधल्या चुंबकामुळे हेअरस्प्रिंगची, म्हणजे त्या चाकाला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी एकमेकींना चिकटली होती. कारागिराने चुंबकत्व काढून टाकले आणि घड्याळ पूर्वपदावर आले.

उणिवाही आहेत. ॲक्रिलिकच्या काचेवर शाळेच्या बाकाचे ओरखडे आठवडाभरातच उमटले, अर्थात ते पॉलिशने निघतात. अंधारात वेळ दिसत नाही. पाण्यापासून तर ते जपावेच लागते. पावसाळ्यात आम्ही ते चक्क डब्यात ठेवतो आणि ती साधे क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारे घड्याळ वापरते. सर्व्हिसिंगचा खर्च घड्याळाच्या किमतीच्या निम्म्यावर जातो, हेही आधीच हिशेबात धरावे. आकार साधारण 35 मिलिमीटर असल्याने लहान मनगटावर ते शोभते. माझ्या हातावर मात्र ते बारके वाटते, असे मुलीचे स्पष्ट मत आहे, आणि म्हणूनच ते मला घालायला मिळत नाही.