एक्झॉस्टची गळती बुजवणारी पेस्ट आणि पट्टी : वापरानंतरचे मत

मोटारीच्या एक्झॉस्ट पाइपला गंजून पडलेले भोक किंवा सांध्यातून होणारी गळती वेल्डिंगशिवाय बुजवण्यासाठी बाजारात दोन वस्तू मिळतात : डबीतून येणारी राखाडी पेस्ट आणि पाइपभोवती गुंडाळायची काचतंतूंची पट्टी. माझ्या गाडीच्या मधल्या पाइपवर मी दोन्ही वापरल्या आणि त्यांत पट्टी मला अधिक भरवशाची वाटली. मात्र या वस्तूंचे यश त्यांच्या गुणवत्तेपेक्षा गळतीची जागा अचूक सापडण्यावर अधिक अवलंबून असते आणि डबीवरच्या सूचनांमध्ये नेमका त्याचाच उल्लेख नसतो.

शोध इंजिन पूर्ण थंड असतानाच घ्यावा. सपाट जमिनीवर, चाकांना ठोकळे लावून, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता जॅक स्टँडवर, म्हणजे वजन पेलणाऱ्या पक्क्या आधारावर, टेकवल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये. सांध्याजवळ किंवा वेल्डिंगच्या कडेला काळ्या काजळीचा पट्टा दिसला, तर वायू तिथूनच बाहेर पडतो आहे असे बहुधा समजावे. काजळी दिसत नसेल, तर ज्या व्हॅक्यूम क्लीनरला हवा बाहेर फेकण्याची सोय आहे, त्याची नळी चिंधी गुंडाळून टेलपाइपमध्ये, म्हणजे एक्झॉस्टच्या मागच्या उघड्या टोकात, बसवावी आणि पाइपवर साबणाचे पाणी फवारत पुढे जावे. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. या पद्धतीत इंजिन सुरू करावे लागत नाही, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक घट्ट जोडला जातो. गॅरेजमध्ये तर इंजिन कधीच चालू करू नये, दार उघडे असले तरीही.

सायलेन्सरच्या तळाशी, कडेला, एक बारीक भोक असते आणि तिथेही बुडबुडे येतात. ती गळती नव्हे. इंधन जळताना तयार होणारी वाफ थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते, तिचा निचरा व्हावा म्हणून अनेक सायलेन्सरना ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. ते बुजवले, तर पाणी आत राहून पत्रा आतून कुजतो.

आता पेस्टविषयी. अशा बहुतेक पेस्टचा आधार सोडियम सिलिकेट असतो, जो पाणी निघून गेल्यावर काचेसारखा कडक होतो. त्यामुळे ती उष्णता उत्तम सोसते, पण कंपने आणि वाकणे तिला सोसत नाही. फ्लँजच्या (दोन पाइप बोल्टने जोडणाऱ्या चपट्या कडांच्या) सांध्यातली फट किंवा टाचणीएवढे छिद्र तिने छान बंद होते, परंतु बोटाएवढ्या भोकावर नुसती पेस्ट थापली, तर गाडी खड्ड्यातून गेली की तिचा खपला निघतो. लावण्यापूर्वी तारेच्या ब्रशने चकाकता धातू दिसेपर्यंत गंज काढावा, जागा किंचित ओलसर करावी आणि पातळ थर द्यावा. लगेच इंजिन तापवले, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन थर फुगतो आणि पावासारखा जाळीदार होतो. म्हणून काही तास तसेच ठेवून, मग उघड्या जागेवर इंजिन थोडा वेळ मंद गतीने चालवणे बरे.

पट्टी भोकाच्या दोन्ही बाजूंना भरपूर पुढे जाईल अशी, ताणून, एकावर एक वेढे देत गुंडाळायची असते. त्याआधी भोकाभोवतीचा पत्रा पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावा, कारण दिसणारे भोक लहान असले, तरी शेजारचा धातू कागदासारखा झालेला असू शकतो. खणखणीत आवाज येईल तिथेच पट्टीचा शेवट यावा. भोकावर आधी पेस्ट भरून वर पट्टी घेतली, तेव्हा माझ्या पाइपचा भसभस आवाज पूर्ण थांबला आणि नंतर साबणाच्या पाण्याने पाहिले तेव्हा एकही बुडबुडा आला नाही.

मात्र दोन ठिकाणी या वस्तूंवर पैसे घालू नयेत. पहिले म्हणजे इंजिनाजवळचा मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांमधला धूर एकत्र करून पाइपात सोडणारा भाग. थंड इंजिन सुरू करताच ऐकू येणारी आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर मंदावणारी टिकटिक बहुधा तिथल्या गॅस्केटची (सांध्यात बसवलेल्या चकतीची) किंवा तड्याची असते, आणि तिथले उपाय म्हणजे नवे गॅस्केट, तुटलेले बोल्ट बदलणे किंवा मॅनिफोल्डच बदलणे. ही गळती ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाच्या) आधी असल्याने बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचा भास होतो, इंजिनाचा संगणक जादा इंधन सोडतो आणि गाडीचे अ‍ॅव्हरेज घसरते. दुसरे ठिकाण म्हणजे जाळीचे आवरण असलेला लवचिक पाइप. तो हलण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे त्यावर कडक झालेली पट्टी लवकरच तडकते.

पट्टी विकत घेताना वेष्टनावरची तापमानाची मर्यादा आवर्जून वाचावी. इपॉक्सी राळेच्या पट्ट्या सायलेन्सरच्या बाजूला चालतात, पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या, फार तापणाऱ्या डब्याच्या) जवळच्या तापमानाला बहुतेक टिकत नाहीत. शिवाय वेढे देताना फ्लँजचे नट-बोल्ट झाकले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण पट्टी दगडासारखी कडक झाल्यावर पाइप बदलायची वेळ आली, तर ती ग्राइंडरने कापून काढावी लागते.