चलन आलं, पण भरणा झालाच नव्हता

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात १४ वर्षं गुणवत्ता विभागात काढल्यावर २०२३ मध्ये मी नाशिकला स्वतःचं काम सुरू केलं. मसाले, चिवडा, लोणची करणाऱ्यांना परवान्यापासून पाकिटावरच्या लेबलपर्यंत सल्ला द्यायचा. महिन्याला साधारण ५० हजारांची बिलं व्हायची.

ओळखीतून एक एजंट घरी आला. "ताई, जीएसटी नंबर नसेल तर कुठलीच कंपनी बिल पास करत नाही. वर दंड बसतो तो वेगळाच." मी घाबरले आणि साडेसात हजार देऊन टाकले. त्यातले चार हजार म्हणे 'सरकारी फी'. जीएसटी नोंदणीला सरकार एक रुपयाही घेत नाही. आणि महाराष्ट्रात माझ्यासारख्या फक्त सल्ला देणाऱ्या माणसाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत ही नोंदणी सक्तीची नसते. माझी जेमतेम सहा लाख होती.

अर्जात त्याने मोबाइल आणि ईमेल स्वतःचा घातला. "रोजचे ओटीपी तुम्हाला कशाला त्रास, सगळं माझ्यावर सोडा." आधारचा ओटीपी तेवढा माझ्या फोनवर आला, तोही मी त्याला वाचून दाखवला. त्या क्षणापासून माझ्या नावाच्या खात्याची किल्ली त्याच्याकडे गेली.

पुढे दर महिन्याला बिलावर १८ टक्के लावायचे, गिऱ्हाइकांकडून आलेले नऊ हजार त्याला यूपीआयने पाठवायचे. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर चलनाची, म्हणजे कर भरायच्या स्लिपची, पीडीएफ यायची. त्यावर माझं नाव, २७ ने सुरू होणारा माझा नंबर, रक्कम, सगळं बरोबर. ते चलन खोटं नव्हतं, हे मला अजूनही अंगावर काटा आणतं. पोर्टलवर कोणीही चलन तयार केलं की त्याला १४ अंकी सीपीआयएन मिळतो, पण पैसे भरलेले नसतात. बँकेत पैसे जमा झाले की १७ अक्षरांचा सीआयएन पडतो. माझ्या सातही चलनांवर सीआयएनची जागा कोरी होती. सात महिने मी ती कागदं फाइलला लावत राहिले.

जानेवारीत एका गिऱ्हाइकाच्या अकाउंट्समधून फोन आला. "मॅडम, तुमचं एकही बिल आमच्या टू-बीमध्ये दिसत नाही. पुढचं पेमेंट थांबवलंय." टू-बी म्हणजे विकणाऱ्यांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांची, घेणाऱ्याला पोर्टलवर दिसणारी यादी. मी पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये स्वतःचा नंबर टाकला. त्याला लॉगिन लागत नाही. रिटर्नचा तक्ता उघडला, तो रिकामा. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीसही निघून गेली होती, अर्थात त्याच्या ईमेलवर. त्याचा फोन बंद.

६३ हजार कर मला पदरचे पुन्हा भरावे लागले, वर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज आणि उशिराच्या प्रत्येक रिटर्नला रोजचे ५० रुपये. १९३० वर तक्रार दिली आहे. पैसे परत आलेले नाहीत.

कुणाचं खाते असं दुसऱ्याच्या मोबाइलवर अडकलं असेल तर रडत बसू नका. आपल्या हद्दीच्या जीएसटी अधिकाऱ्याकडे पॅन आणि ओळखीचे पुरावे घेऊन जा. खातरजमा करून ते मोबाइल-ईमेल बदलून देतात आणि तात्पुरता पासवर्ड आपल्या ईमेलवर येतो. मला तो मिळाल्यावर मी सगळी थकलेली रिटर्न भरली, नोटिशीला उत्तर दिलं आणि नंबर रद्द होण्यापासून वाचला. आता दर महिन्याला ११ तारखेच्या आधी बिलांचं आणि २० च्या आधी कराचं रिटर्न भरायला मी स्वतः लॉगिन करते, आणि चलनावर आधी सीआयएन शोधते.