देशी लोकर विणून-वापरून: दख्खनी, बिकानेरी आणि हिमाचली

लोकर म्हणून विकत घेतलेल्या गुंडीचा एक धागा आधी जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते, काडी बाजूला केली की आपोआप विझते आणि राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. बेळगावात "प्युअर आहे ताई" म्हणून एका दुकानदाराने दिलेल्या गुंडीचा मणीच झाला. त्यानंतर मागच्या पावसाळ्यापासून मी फक्त देशी, न रंगवलेली लोकरच विणते आहे.

पहिली अर्थातच आपल्या भागातली, दख्खनी मेंढीची. चिकोडीकडच्या एका धनगर मामांकडून घेतली. "मामा, स्वेटरला चालेल का?" विचारलं तर म्हणाले, "टोचंल की ओ! घोंगड्याची लोकर ही. घ्यायचीच तर जावळाची घ्या." जावळ म्हणजे कोकराची पहिली कातरण, त्यातल्या त्यात मऊ. तरीही मफलर विणला तो मानेला दहा मिनिटंसुद्धा सहन होईना. या लोकरीत आखूड, जाड, ताठ केस मिसळलेले असतात. लोकरीचा तंतू साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड झाला की त्याचं टोक कातडीला टोचतं, आणि दख्खनी लोकर बरीचशी त्याच्या वरच. वर ते केस झडतात. पांढऱ्या शर्टावर काळे केस वेचत बसलेल्या आमच्या ह्यांचा चेहरा आठवला की अजून हसू येतं.

पण त्याच लोकरीचं सहा नंबरच्या सुयांवर विणलेलं आसन आणि बाजारची पिशवी बघा! रोजच्या वापरात आहेत आणि आकार जरासुद्धा ढिला पडलेला नाही. काळा, करडा, तपकिरी हे रंग मेंढीचेच, त्यामुळे धुण्यात रंग जाण्याचा प्रश्नच नाही. खानापूरच्या पावसात पिशवी बाहेरून ओली झाली, आतली कागदं कोरडी राहिली. वास मात्र येतो, पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत तर चांगलाच. इकडे बऱ्याच धनगरांना लोकरीला गिऱ्हाईक मिळत नाही म्हणून कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. हे कळल्यावर मी तो वास चालवून घेतला.

स्वेटरसाठी बिकानेरकडची चोकला लोकर मागवली. आपल्या देशी जातींत तिचं नाव मोठं, आणि ते खोटं नाही. आठ नंबरच्या सुयांवर टाके स्वच्छ उठतात, उलट्या-सुलट्या पट्टीला छान उठाव येतो. आत सुती सदरा असेल तर अजिबात टोचत नाही. काखेत आणि बाहीच्या कडेला थोडे गोळे धरले, तेवढीच तक्रार. त्याच भागातल्या मगरा जातीच्या लोकरीला चमक जास्त, पण ती मुख्यतः गालिच्यांची. माझ्या हाताला राठ वाटली.

भाचीच्या कानटोपीला हिमाचलची, रामपूर बुशहरी मेंढीची लोकर घेतली. या तिघींत कपाळाला लागून सहन होणारी हीच. महाग पडते, त्यात टपालखर्च. अख्खा स्वेटर हिचा करायचा तर बेळगावच्या थंडीला एवढा खर्च मी तरी करणार नाही.

घेताना मऊपणा हाताने बघू नका, हात निबर असतात. धागा मानेला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. "मशीनमध्ये धुता येईल" असं लिहिलं असेल तर बहुतेक वेळा त्या लोकरीच्या तंतूवरचे बारीक खवले क्लोरीनने झिजवून वर राळेचा थर दिलेला असतो. लोकर खरीच, पण नैसर्गिक हवी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्याला हे माहीत असावं.

धुण्याला रिठ्याचं पाणी, थंडच. गरम पाण्यात चोळलं की खवले एकमेकांत अडकून कापड आटतं, मग काही केल्या सैल होत नाही. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. दोरीवर टाकलेल्या स्वेटरच्या बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. पावसाळ्यात आमच्याकडे दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून मोठी धुणी मी दिवाळीनंतरच काढते.