सेनेतल्या वित्तीय सल्ल्याची सेवा: महूच्या निमित्ताने एक परीक्षण

निकाल आधीच सांगतो. सेवा चांगली आहे, पण वापरणारे तिला फार उशिरा बोलावतात. गरज ठरत असतानाच वित्तीय सल्लागाराला आणि खर्चाचे प्राधान्य ठरवणाऱ्या समितीला सोबत बसवले, तर पाचपैकी साडेचार. सप्लाय ऑर्डरच्या तोंडावर नुसती सही मागायला गेलात, तर अडीच.

इंदूरच्या मराठी वाचकासाठी हा विषय दूरचा नाही. १८१८ च्या मंदसौर तहानंतर वसलेल्या महूच्या छावणीत आज इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज आणि मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग अशा तीन मोठ्या प्रशिक्षण संस्था आहेत. रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगरातले कितीजण तिथे किंवा लेखा खात्यात नोकरी करून निवृत्त झाले. सियागंज, महाराणी रोड आणि सांवेर रोडच्या व्यापाऱ्यांचा माल सैन्याच्या ऑर्डरवर जातो तो वेगळाच. या सगळ्यांच्या बोलण्यात ‘फाईल आयएफएकडे आहे’ हे वाक्य हमखास येते. ती फाईल तिथे का जाते आणि तिथे नेमके काय मिळते, त्याचे हे परीक्षण. ते व्यवस्थेचे आहे, महूतल्या किंवा कुठल्याही एका कार्यालयाचे नाही.

आयएफए म्हणजे इंटिग्रेटेड फायनान्शियल ॲडव्हायझर. हा अधिकारी संरक्षण लेखा विभागाचा. विभागाचे प्रमुख कंट्रोलर जनरल ऑफ डिफेन्स अकाउंट्स, आणि विभाग आपली मुळे १७४७ पर्यंत, ईस्ट इंडिया कंपनीच्या पहिल्या मिलिटरी पे-मास्टरपर्यंत नेतो. कमांडर हा सीएफए, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारा सक्षम अधिकारी. कुठल्या हुद्द्याला किती रकमेपर्यंत अधिकार, कुठे आयएफएची संमती लागते आणि कुठे लागत नाही, हे २०२१ च्या वित्तीय अधिकार प्रदान आदेशाच्या परिशिष्टांत दिलेले असते. सल्ला न पटल्यास सीएफए तो बाजूला ठेवू शकतो, पण कारणे लेखी नोंदवून. ही सोय फार मोलाची आहे. निर्णय कमांडरचाच राहतो, फक्त तो एकट्याच्या मनातला राहत नाही.

मराठी मुलखाला ही रचना नवी नाही. शिवकाळात किल्ल्यावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी आणि जमाखर्च सबनिसाकडे, धान्य नि दारूगोळ्याचा साठा कारखानिसाकडे. एकट्याच्या हुकमावर कोठार रिकामे होऊ नये, एवढा त्यातला हेतू स्पष्ट होता.

आता प्रत्यक्ष काम. समजा एका प्रशिक्षण संस्थेने वर्गांसाठी ४० प्रोजेक्टरांची मागणी केली. पहिला कागद म्हणजे स्टेटमेंट ऑफ केस, खरेदीच्या प्रस्तावाचे, म्हणजे ‘केस’चे, कारणांसह टिपण. त्यावर एओएन, म्हणजे गरज मान्य असल्याची मंजुरी घ्यायची. सेवेची खरी किंमत याच टप्प्यावर वसूल होते, कारण आयएफएचा पहिला प्रश्न दराचा नसून संख्येचा असतो. वर्ग किती? ३२. लेजरवर प्रोजेक्टर किती? ३२. चालू किती? १४. उरलेल्या १८ पैकी दुरुस्तीच्या पलीकडे गेलेले, म्हणजे बीईआर ठरलेले १०, आणि दिवा किंवा कार्ड बदलून चालणारे ८. म्हणजे नवे १०, राखीव धरून १२. आठांची दुरुस्ती वेगळ्या केसमध्ये. चाळिसाचे बारा झाले आणि एकाही वर्गाचे काही बिघडले नाही. हा हिशेब युनिटने स्वतः करून, बीईआरचे कागद जोडून पाठवला तर फाईल एका फेरीत सुटते. नाही तर हाच प्रश्न क्वेरी होऊन परत येतो आणि पंधरवडा जातो. झिजणाऱ्या किंवा संपणाऱ्या वस्तूंसाठी मागच्या तीन वर्षांचा खप, हातातला साठा आणि येणे असलेला माल हे तीन आकडे लागतात; यातला येणे माल सर्वांत जास्त वेळा विसरला जातो, आणि मग तीच वस्तू दोनदा येऊन पडते.

एओएननंतर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर बिड, म्हणजे निविदा. इथे दोन समित्या येतात आणि त्यांची कामे एकमेकींत मिसळू नयेत. तांत्रिक मूल्यांकन समिती फक्त वस्तू निकषात बसते की नाही ते पाहते. तिच्यात वित्त प्रतिनिधी नसतो आणि दरपत्रक तिच्या अहवालापर्यंत बंद असते. किंमत वाटाघाटी समितीत मात्र वित्त प्रतिनिधी सदस्य असतो. पण नाव वाटाघाटींचे असले तरी २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांनुसार वाटाघाटी टाळायच्याच असतात. अपवाद म्हणून कराव्या लागल्या तर त्या फक्त सर्वांत कमी दर देणाऱ्याशी, एल-१ शी. दर वाजवी आहे की नाही हे समितीने आधी, बिड उघडण्यापूर्वी ठरवलेल्या अंदाजाशी ताडायचे. तो अंदाज एकाच व्यापाऱ्याच्या कोटेशनवरून काढलेला असला तर समितीच्या हातात काहीच उरत नाही. मागच्या खरेदीचा दर, मध्ये गेलेला काळ, जेमवरचे इतर विभागांचे करार आणि बाजारातली किमान दोन कोटेशने, एवढे असले की अंदाजाला बळ येते.

छोट्या खरेदीसाठी याच सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम १५५ ची स्थानिक खरेदी समिती आहे. तीन सदस्य, त्यांनी बाजारात जाऊन दर, गुणवत्ता आणि विक्रेता पाहायचा, आणि वस्तू योग्य दर्जाची व चालू बाजारभावाने आहे असे एकत्रित आणि वैयक्तिक जबाबदारीवर प्रमाणित करायचे. ‘वैयक्तिक’ हा शब्द अनेकजण वाचतच नाहीत. तिघांपैकी एकाने दुकान पाहिले आणि दोघांनी संध्याकाळी सह्या केल्या, तरी ऑडिट तिघांनाच विचारते. मूळ नियमात अशा खरेदीची मर्यादा २५ हजार ते अडीच लाख होती, नंतर ती वाढली. केस करताना चालू आदेशाची प्रत फाईलला लावावी.

जिथे फायली अडतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, एका कंपनीच्या माहितीपत्रकातून उचललेले तांत्रिक निकष: ‘वजन ३.१ किलो’ असे लिहिले की सगळ्यांना कळते कुठले मॉडेल हवे आहे. ‘४ किलोपेक्षा जास्त नको’ लिहावे. दुसरी, मागणीचे तुकडे. वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी चुकवायला एका गरजेच्या तीन केस केल्या तर नियम १५७ थेट लागू होतो, आणि एकाच महिन्यातल्या तीन लागोपाठच्या सप्लाय ऑर्डर लेखापरीक्षकाला शोधाव्या लागत नाहीत. तिसरी, चुकीची थैली. सरकारी निधी आणि रेजिमेंटल निधी, म्हणजे युनिटचा स्वतःचा पैसा, वेगळे. होळकरांच्या राज्यात दौलत आणि खासगी यांचे हिशेब वेगळे ठेवत. इंदूरकरांना हा फरक समजावून सांगायला नको. कॅन्टीनच्या नफ्यातून घ्यायची वस्तू प्रशिक्षण अनुदानात दाखवली, तर आयएफएने ती परत पाठवणे हेच त्याचे काम आहे.

इथपर्यंत सेवा उत्तम. उणीव पुढे आहे. हा सल्ला बहुतेकदा एकेका केसपुरता असतो. प्रत्येक फाईल नियमात बसते, पण सगळ्या फायली मिळून वर्षाचे पैसे योग्य जागी गेले का, हा प्रश्न फाईलवर कधीच येत नाही.

अमेरिकी लष्करात यासाठी प्रोग्रॅम बजेट ॲडव्हायझरी कमिटी असते. तिच्यात तळावरचे सगळे विभागप्रमुख बसतात, वित्त अधिकारी आकडे मांडतो, आणि समिती कमांडरला शिफारस करते. बहुधा दोन पातळ्या असतात: खालची कामकाजी समिती आकडे घासूनपुसून घेते, वरची प्राधान्य ठरवते. त्यांचे आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, कायदे वेगळे आहेत, जसेच्या तसे उचलण्यासारखे ते नाही. पण एक गोष्ट जरूर घ्यावी: पैसे न मिळालेल्या मागण्यांची एकच क्रमवार यादी, पहिल्या क्रमांकापासून शेवटच्यापर्यंत. ‘सगळेच महत्त्वाचे’ ही सोय त्या यादीत कुणालाच मिळत नाही. सिग्नलवाल्याची बॅटरी आणि मेसची भांडी एकाच रांगेत उभी राहतात.

आपल्याकडे हे करायला नव्या आदेशाची गरज नाही. कमांडरने आपल्या पातळीवर दर तिमाहीला बैठक घ्यावी: अध्यक्ष स्वतः किंवा चीफ ऑफ स्टाफ दर्जाचा अधिकारी, प्रत्येक शाखेचा निर्णय घेऊ शकणारा माणूस, क्वार्टरमास्टर, आणि निमंत्रित म्हणून आयएफएचा प्रतिनिधी. आठवडाभर आधी सगळ्यांना एकच तक्ता जावा. थलसेनेचा महसुली खर्च मेजर हेड, म्हणजे मुख्य लेखाशीर्ष, २०७६ खाली येतो; त्यात १०५ वाहतूक, ११० सामग्री, १११ बांधकामे, ८०० इतर असे मायनर हेड, म्हणजे उपशीर्षे, आणि त्याखाली आणखी बारीक कोड हेड. तक्ता कोड हेडनिहाय करावा. उदाहरणार्थ, ३० सप्टेंबरला एका हेडमध्ये वाटप १०० लाख. लेखा कार्यालयात बुक झालेला खर्च ३४. ऑर्डर दिली पण बिल चुकते झाले नाही, अशी लायबिलिटी २६. एओएन झालेल्या केस २२. म्हणजे मोकळे १८ लाख. मागण्या ४५ लाखांच्या. बैठकीचा सारा वेळ त्या यादीत १८ लाखांची रेघ कुठे ओढायची यावर जावा. रेघेखालच्या पहिल्या दहा-बारा लाखांच्या केसचे कागद मात्र पूर्ण तयार ठेवावेत, कारण सुधारित अंदाजात किंवा दुसऱ्याच्या परत केलेल्या रकमेतून पैसे आले तर ते जानेवारीनंतर येतात, आणि तेव्हा निकष लिहायला बसणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

तक्त्यातला ‘बुक झालेला’ हा आकडा युनिटच्या रजिस्टरातला नसावा, लेखा कार्यालयाचा असावा. दोन्हींत फरक निघतोच: बिल पोचलेले नसते, हरकत लागून परत आलेले असते, किंवा चुकीच्या कोड हेडला चढलेले असते. हा ताळा दर महिन्याला न घातल्यास एका हेडमध्ये खोटी शिल्लक आणि दुसऱ्यात खोटी तूट दिसते, आणि समिती शहाणी असूनही चुकीचा सल्ला देते. आपला अर्थसंकल्प रोख तत्त्वावर चालतो. ३१ मार्चपर्यंत पैसे चुकते झाले तरच खर्च या वर्षाचा. नाही तर ती लायबिलिटी पुढच्या वर्षाचे वाटप खाते. म्हणून फेब्रुवारीत दिलेली आणि दहा आठवड्यांनी माल देणारी ऑर्डर म्हणजे पुढच्या वर्षाचे पैसे आजच खर्चणे, हे बैठकीत कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवे.

मार्चच्या घाईबद्दल सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम ६२ चे शब्द कठोर आहेत: वर्षअखेरची खर्चाची धांदल हा वित्तीय शिस्तीचा भंग मानला जातो. अर्थ मंत्रालयाची मर्यादा शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या ३३ टक्के आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्के. ती पाळायची तर वार्षिक खरेदी योजना एप्रिलमध्ये, मोठ्या केसचे एओएन जूनअखेर आणि ऑर्डरी ऑक्टोबरपर्यंत, एवढा क्रम पुरतो. प्रशिक्षण संस्थांना तो विशेष सोयीचा, कारण त्यांच्या अभ्यासक्रमांचे वेळापत्रक वर्षाआधी ठरलेले असते. कुठल्या महिन्यात किती दारूगोळा, किती वाहने, किती कागद लागेल हे आधीच कळते.

सेवेबद्दलच्या दोन तक्रारी नोंदवायलाच हव्यात. एक, तुटक क्वेरी. आज संख्येबद्दल, पुढच्या आठवड्यात दराबद्दल, नंतर जोडपत्राबद्दल. सगळे आक्षेप एकदम यावेत असा आग्रह युनिटने धरावा, आणि फाईल पाठवण्याआधी मसुद्यावर अर्धा तास समोरासमोर बसावे. निम्म्या क्वेरी तिथेच विरघळतात. दुसरी, तांत्रिक बाबींत वित्त कार्यालयाची ओळख कमी असते, म्हणून ‘स्वस्त का घेत नाही’ हा प्रश्न येतो. त्याला रागावून उत्तर देऊ नये. आयुष्यभराचा खर्च मांडावा: यंत्र, सुटे भाग, पाच वर्षांची देखभाल, वीज. असा तक्ता समोर आला की महागाचे यंत्र मंजूर करणारे आयएफए भरपूर आहेत.

इंदूरच्या पुरवठादारांसाठी थोडे. तुमची बिड ‘आतल्यांनी’ अडवली असे वाटण्याआधी निकषांच्या तक्त्यात प्रत्येक ओळीसमोर पुरावा जोडला होता का ते तपासा. तांत्रिक समिती कागदाबाहेरचे पाहू शकत नाही. सूक्ष्म-लघु उद्योग असाल तर उद्यम नोंदणी जोडा: अनामत रकमेतून सूट मिळते, आणि उत्पादक असून दर एल-१ पासून १५ टक्क्यांच्या आत असला तर एल-१ च्या दरात २५ टक्के पुरवठा मिळण्याची संधी असते. जेमवर खरेदीदार, माल घेणारा आणि पैसे देणारा हे तिघे वेगळे असू शकतात; बिलावर तिघांची नावे ऑर्डरप्रमाणे अक्षरशः तशीच हवीत. माल उतरला म्हणजे पैसे सुरू झाले असे नाही. घेणाऱ्याने पोर्टलवर स्वीकृती प्रमाणपत्र काढायला १० दिवस असतात, आणि पैशांचे पुढचे १० दिवस त्यानंतर मोजले जातात. म्हणून मार्चची ऑर्डर असेल तर माल पहिल्याच आठवड्यात महूला पोचवा, तपासणीच्या वेळी आपला तंत्रज्ञ हजर ठेवा, आणि वॉरंटीचे पत्र गाडीबरोबरच द्या.