कोकणच्या उन्हात नायट्रस: वेट किटचा दिवाळी ते मृग असा अनुभव

नायट्रस किट, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनात बाटलीतला नायट्रस ऑक्साइड गॅस सोडणारी जोडणी, घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती एचपी वाढेल? रत्नागिरीत एक आख्खा हंगाम किट वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय. आपल्या किनाऱ्यावर राहणाऱ्याने आधी बाटलीच्या प्रेशरचा विचार करावा, एचपीचा आकडा मागाहून.

गाडी जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी होंडाची रचना), कंपनीतून निघाली तेव्हा १०६ एचपीची. ती आता फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी आहे, स्पर्धेलाही टोइंगच्या गाडीवर चढवूनच जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करेल. रोजच्या गाडीत बसवायचं मनात असेल तर तो विचार सोडून द्या.

नायट्रस स्वतः जळत नाही. त्याच्या वजनात ३६ टक्के ऑक्सिजन असतो, हवेत २३ टक्के. इंजिनच्या आत ३०० अंशांच्या आसपास त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. त्या ऑक्सिजनला पुरेल इतकं पेट्रोल त्याच क्षणी पोचलं तर ताकद मिळते, कमी पडलं तर पिस्टन जातो. किट निवडायची म्हणजे हे जादा पेट्रोल कुठून आणायचं ते ठरवायचं. ड्राय किटमध्ये फक्त गॅस सोडतात आणि पेट्रोल गाडीचेच इंजेक्टर वाढवतात, म्हणजे ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) ट्यूनिंग हाताशी हवं. वेट किटमध्ये गॅस आणि पेट्रोल एकाच नोझलमधून येतं. डायरेक्ट पोर्टमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळं नोझल असतं. तो मोठ्या आकड्यांचा आणि मोठ्या खर्चाचा मामला, चार सिलिंडरच्या साध्या इंजिनला त्याची गरज नाही. मी एका नोझलचं वेट किट घेतलं, ३५ एचपीच्या जेटवर (जेट म्हणजे किती गॅस किंवा पेट्रोल जाईल ते ठरवणारं बारीक भोक). इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणारा नळ्यांचा भाग, प्लास्टिकचा असेल तर वेट किटआधी दहा वेळा विचार करा. फक्त हवेसाठी घडवलेल्या मॅनिफोल्डच्या वळणात पेट्रोल साचतं आणि एका बॅकफायरमध्ये तो फुटतो.

आता मुद्दा प्रेशरचा. जेटचे तक्ते साधारण ९०० ते ९५० पीएसआय (प्रेशरचं माप) धरून केलेले असतात. बाटलीतलं प्रेशर पूर्णपणे तापमानावर चालतं: २१ अंशांना साधारण ७५०, तिशीत ९०० च्या पुढे. म्हणून थंड मुलखातल्या लोकांना बाटलीचा हीटर लागतो आणि किटवाले तोच आधी गळ्यात मारतात. आपल्याकडे त्याचे पैसे वाचवा. माघातली पहाटेची थंडी सोडली तर इथली हवाच हीटरचं काम करते. उलट ३६.४ अंशांच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही आणि प्रेशर भराभर चढतं. एप्रिलमध्ये बंद डिकी याहून कितीतरी जास्त तापते. प्रेशर चढलं की गॅस जास्त जातो, पेट्रोल मात्र तेवढंच राहतं, आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं.

हे एका मित्राच्या गाडीवर डोळ्यांनी पाहिलं. त्याची बाटली दुपारभर ताडपत्रीखाली उन्हात होती. रनमध्ये कानाला काहीच वेगळं लागलं नाही. प्लग काढले तर तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीएवढे चंदेरी कण चिकटलेले. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. आमच्या मेस्त्रींनी प्लग उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, आज गाडी झाकून ठेवा. नशीब, भोक नाही पडलं." तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या बाटल्यांवर ओलं गोणपाट असतं आणि प्रेशर गेजचा काटा ९५० च्या खाली आल्याशिवाय कोणी व्हॉल्व्हला हात लावत नाही. गेज किटसोबत येत नसेल तर पहिली खरेदी तीच करा.

लीन होण्याचं दुसरं कारण आपल्या पंपावरच आहे. परदेशी तक्त्यातलं पेट्रोल जेट साध्या पेट्रोलचं असतं. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तेवढ्याच ऑक्सिजनमागे जास्त इंधन द्यावं लागतं. मी पेट्रोलचं जेट एक नंबर मोठं टाकलं, एनजीकेचे प्लग ६ वरून ७ वर, म्हणजे एक पायरी थंड केले आणि इग्निशन दोन अंश मागे घेतलं. ठरावीक आरपीएमच्या मर्यादेतच गॅस सोडणाऱ्या विंडो स्विचवर काटकसर करू नका. ३००० आरपीएमच्या खाली गॅस सुटला की कनेक्टिंग रॉड वाकतात. थ्रॉटल पूर्ण दाबलेला असेल तेव्हाच चालू होणारा स्विचही त्याच्या जोडीला हवाच.

फायदा म्हणाल तर ड्रॅगच्या ४०२ मीटरला साधारण एक सेकंद वाचतो. ज्यांनी ड्रॅग केलंय त्यांना एका सेकंदाची किंमत सांगायला नको. दुसऱ्या गिअरमध्ये व्हीटेक उघडतं आणि गॅसही चालू असतो, त्या क्षणी स्टिअरिंगमधून जे जाणवतं त्यासाठी मी हे सगळं आनंदाने करतो.

बाटली बसवताना व्हॉल्व्ह पुढे आणि थोडा उंच, लेबल वर. आतली नळी मागच्या तळाशी उतरते आणि गाडी सुटल्यावर द्रव तिथेच जमतो. भरून घेताना वजनावरच घ्या: दहा पौंडी बाटलीत साडेचार किलो, वर एक छटाकही नको, कारण उन्हात फुगायला जागा लागते. सिलिंडर पेसोच्या (स्फोटकं आणि गॅस सिलिंडरच्या सुरक्षिततेची सरकारी संस्था) मान्यतेचा आहे का ते विकत घेण्याआधी बघा. आणि हा गॅस हुंगायचा नाही. रेसिंगच्या गॅसमध्ये सल्फर डायऑक्साइड घालतात ते याचसाठी.

खारी हवा हा आमचा कायमचा त्रास. समुद्रकाठी मिऱ्याच्या बाजूला शेड असल्यामुळे सोलेनॉइडच्या (गॅस-पेट्रोल सोडणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) तारांवर महिन्याभरात हिरवट थर चढतो. करंट नीट पोचला नाही आणि पेट्रोलचं सोलेनॉइड उशिरा उघडलं, तर पुन्हा तेच लीनचं दुखणं. म्हणून टर्मिनल उकलून घासतो, ग्रीस लावतो आणि पेट्रोल लाइनवर प्रेशर स्विच लावलाय, पेट्रोल कमी पडलं की तो गॅस तोडतो. ब्रॅकेट लोखंडी होतं, त्याला गंज धरला, आता स्टेनलेसचं करून घेतलंय.

मृग लागला तसं किट उतरवलं. लाइन रिकामी केली, नोझलचं तोंड टेपने बंद केलं, बाटली माजघरातल्या गारव्यात उभी बांधली. गणपतीनंतर ती आधी काट्यावर चढेल. वजन घटलेलं निघालं तर व्हॉल्व्हचं सील बदलायचं, मगच गाडीत.